दारू सोडणाऱ्यांची सभा: सोलापुरात ती शोधायची कशी आणि आत नेमकं काय होतं

सोलापुरात विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर, स्टँडजवळच्या भिंतीवर एक जाहिरात हमखास दिसते: ‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत.’ खाली मोबाइल नंबर. घरात रोजचा तमाशा सोसणारी बाई तो नंबर उतरवून घेते, कुठून तरी पैसे उभे करते आणि भाजीत पुडी कालवायला लागते. दुसरीकडे, स्वतः दारूतून बाहेर पडलेली माणसं एक रुपयाही फी न घेता दर आठवड्याला जमतात आणि नवीन येणाऱ्याला हात देतात. हीच ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची सभा. त्यांची जाहिरात मात्र कुठल्याच खांबावर नसते. त्यामुळे ज्याला खरी गरज आहे त्याला पुडीवाला आधी सापडतो आणि ही माणसं फार उशिरा.

त्या पुडीबद्दल आधीच सांगतो, कारण यात जिवाशी गाठ आहे. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध असतं. ते घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. म्हणून डॉक्टर ते तपासण्या करून आणि रुग्णाला पूर्ण कल्पना देऊनच सुरू करतात. नकळत दिलेल्या पुडीत असं काही असेल आणि माणसाचं हृदय आधीच कमजोर असेल, तर तो दगावू शकतो. पुडीवर आत काय आहे हे लिहिलेलं नसतं. कृपा करून कुणाच्याही जेवणात असलं काही कालवू नका.

सोडणं वेगळं, सुटलेलं राहणं वेगळं

रोज पिणाऱ्या माणसाला विचारा. तो सांगेल, ‘सोडायला काय, मी किती वेळा सोडलीय.’ आणि ते खरं असतं. श्रावणात सोडलेली असते, गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या साक्षीने सोडलेली असते, मुलीच्या लग्नाआधी सोडलेली असते. घोळ नंतर होतो. दोन महिने बरे जातात, घरात हसणं-बोलणं सुरू होतं आणि एखाद्या संध्याकाळी जुना मित्र विचारतो, ‘काय बे, बसायचं का?’ त्या एका क्षणाला माणूस एकटा असतो. बायको घरी असते, डॉक्टर दवाखान्यात असतो, शपथ देवळात राहिलेली असते.

दारू सोडणं हे काही दिवसांचं काम आहे आणि त्यात डॉक्टरची मदत होते. सोडलेली दारू सुटलेलीच ठेवणं हे पुढच्या वर्षांचं काम आहे. सभा असते ती या दुसऱ्या कामासाठी. बहुतेक घरांमध्ये सगळा जोर पहिल्या कामावर लागतो, दुसऱ्यासाठी कुणी काहीच ठरवलेलं नसतं. मग दारू परत सुरू झाली की ‘याला काही उपयोग नाही’ असा शिक्का बसतो.

सगळेच पिणारे या लेखात येत नाहीत. इथे प्रश्न मद्यपाशाचा आहे, म्हणजे दारू सुरू केल्यावर थांबणं हातात राहत नाही आणि बंद केली की शरीर आणि मन दोन्ही ती मागत राहतात, अशी अवस्था. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार देशात 10 ते 75 वयाचे सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या 5.7 कोटींच्या आसपास लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. मद्यपाश जडलेल्या दर 38 जणांमागे फक्त एकाने कसली ना कसली मदत किंवा उपचार मिळाल्याचं सांगितलं. उरलेले 37 कुठे आहेत? आपल्या गल्लीत, आपल्या कारखान्यात, आपल्या घरात.

सोलापुरात दारू गाळणं-विकणं थांबवायच्या अंगाने काही चांगली कामं झाली. 2021 मध्ये ग्रामीण पोलिसांनी तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत हातभट्टी गाळणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवण्याचा तो प्रयत्न होता. पण भट्टी विझली तरी पिणाऱ्याची तलफ विझत नाही. हातभट्टी नाही तर देशी, देशी नाही तर शिंदी, असा तो पुढचा दरवाजा शोधत राहतो. पिणाऱ्याच्या बाजूनेही कुणीतरी उभं असावं लागतं.

आधी डॉक्टर

सभेकडे जाण्याआधी हे वाचा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद करणं धोक्याचं असू शकतं. दारू मेंदूला गुंगवते. रोज गुंगवलं जातंय म्हटल्यावर मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो, म्हणजे निदान कामापुरतं जागं राहता येतं. दारू अचानक थांबली की गुंगी जाते, पण वाढवलेली उत्तेजना तशीच उरते. 6 ते 12 तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. सकाळी चहाची बशी ओठाशी नेईपर्यंत निम्मा चहा सांडतो. म्हणूनच माणूस उठल्या उठल्या कोपऱ्यावर जाऊन ‘हात थांबवायला’ नाईंटी मारून येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, ताप चढतो. ही अवस्था उपचाराविना जीवघेणी ठरू शकते.

अशा माणसाला खोलीत कोंडून ‘चार दिवस दारू दिली नाही की येईल ताळ्यावर’ म्हणणारे नातेवाईक वाईट नसतात, त्यांना धोका माहीत नसतो. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढून तिथे दाखवता येतं. खासगी मानसोपचारतज्ज्ञही शहरात आहेत. थरथर आणि फिट टाळायची औषधं, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि काही दिवसांची देखरेख एवढ्यावर बहुतेकांचं हे वळण पार पडतं. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला तर वाट बघू नका, 108 ला फोन करा.

सभेत डॉक्टर नसतो, औषध नसतं, खाट नसते. ती दवाखान्याची जागा घेत नाही आणि घ्यायचा दावाही करत नाही.

ही सभा आली कुठून

1935 साल. अमेरिकेतल्या ऍक्रन गावात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी आला होता. दारूपायी त्याची बरबादी झाली होती आणि पाच-सहा महिन्यांपूर्वीच ती सुटली होती. आणलेलं काम फिसकटलं. संध्याकाळी तो हॉटेलच्या लॉबीत उभा होता आणि पलीकडच्या बारमधून आवाज येत होते. आपण आत्ता आत जाणार हे त्याला कळलं. तो बारकडे वळला नाही, फोनकडे वळला. भिंतीवरच्या यादीतल्या चर्चच्या पाद्र्यांना फोन लावत सुटला आणि विचारू लागला: माझ्यासारख्या एखाद्या दारुड्याशी मला बोलायचंय, तुमच्या ओळखीत कुणी आहे का?

त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. तेही पार बुडालेले होते. सगळ्यांचे उपदेश ऐकून थकलेल्या या डॉक्टरला पहिल्यांदाच असा माणूस भेटला, जो स्वतः तिथून आला होता आणि उपदेश करत नव्हता. 10 जून 1935 ला डॉक्टर बॉबनी शेवटचा घोट घेतला. तोच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा, बोलताना म्हणतात त्या ‘एए’चा, स्थापना दिवस मानला जातो. भारतात एए 1957 मध्ये सुरू झालं आणि आज महाराष्ट्रात गावोगावी त्याचे गट आहेत.

बिलने फोन डॉक्टरला सुधारण्यासाठी केले नव्हते. ती संध्याकाळ स्वतःला कोरडं काढता यावी म्हणून केले होते. मदत करणाऱ्याचीच आधी मदत होते, ही या सगळ्या पद्धतीची चावी आहे. सभेत पंधरा वर्षं न प्यायलेला माणूस नवख्याशेजारी तासभर बसतो तेव्हा तो उपकार करत नसतो. नवख्याचे थरथरणारे हात बघून त्याला स्वतःचे हात आठवतात आणि त्याचाही आजचा दिवस सुखरूप पार पडतो. सभा फुकट का असते याचं उत्तरही हेच आहे.

आत गेल्यावर काय होतं

लोकांना सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गटागटात थोडाफार फरक असतो, पण साचा सगळीकडे सारखा आहे.

जागा साधी असते. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या संस्थेची खोली. वेळ बहुधा संध्याकाळची, कामावरून सुटलेल्या माणसाला गाठता येईल अशी. तास-दीड तासाचं काम. भिंतीवर किंवा टेबलावर ‘बारा पायऱ्यां’चा कापडी फलक लावलेला असतो. या पायऱ्या म्हणजे सदस्य ज्या क्रमाने स्वतःवर काम करतात ती वाट. पहिली पायरी एवढीच, की दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं. पुढे आपल्या चुका तपासणं, ज्यांना दुखावलं त्यांची यादी करणं, शक्य तिथे भरपाई करणं, आणि शेवटी जे मिळालं ते दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत नेणं.

नवीन माणूस हमखास दाराजवळची खुर्ची धरतो. हेल्मेट मांडीवरच ठेवतो, केव्हाही उठून जाता यावं म्हणून. कुणी त्याला पुढे ओढत नाही. चहा वाटणारा अनेकदा त्याचा कप अर्धाच भरतो. थरथरत्या हाताला भरलेला कप किती जड होतो हे त्याला अनुभवाने माहीत असतं.

सूत्रसंचालन सदस्यांपैकीच कुणीतरी करतो आणि ते काम आलटून-पालटून फिरतं. सुरुवातीला एए म्हणजे काय ते वाचून दाखवतात. मग एकेक जण बोलतो, त्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. ‘माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे,’ अशी सुरुवात. पूर्वी काय होतं, काय घडलं, आता कसं चाललंय. बोलणाऱ्याला मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. बँकेतला अधिकारी आणि यंत्रमागावरचा कामगार एकाच ओळीत बसलेले असतात आणि दोघांची गोष्ट ऐकताना तपशील सोडले तर फरक उरत नाही: लपवलेली बाटली, खोटं बोलून उचललेली उचल, मुलाच्या शाळेत न गेलेला बाप. नवीन माणसाला बोलायचं नसेल तर ‘मी आज फक्त ऐकतो’ एवढं पुरतं. नाव सांगायचीही सक्ती नाही, आडनाव तर कुणी विचारतच नाही.

मध्येच एक पाकीट किंवा डबा फिरतो. ज्याला वाटेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यातून भाडं आणि चहा निघतो. बाहेरच्या देणग्या गट घेत नाही. नवख्याने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. शेवटी उभं राहून छोटी प्रार्थना होते: जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांतता, जे बदलता येतं ते बदलण्याचं धैर्य आणि दोन्हींतला फरक ओळखण्याचं शहाणपण मागणारी.

खरं काम पुष्कळदा यानंतर होतं. बाहेर गाडीला किक मारण्याआधी दोघे-तिघे नवख्याला आपले नंबर देतात. ‘तलफ आली की पहिला घोट घेण्याआधी फोन करा, रात्री दोनला आली तर दोनला करा.’ पुढे यातलाच एक जण त्याचा ‘स्पॉन्सर’ होतो, म्हणजे पायऱ्या चढताना सोबत करणारा जुना सदस्य. आणि जन्मभराची शपथ कुणीच घ्यायला लावत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच ठरवायचं. एक वर्ष झालं की गट त्या माणसाचा वाढदिवस करतो. पन्नाशीचा गृहस्थ एका वर्षाचा झाला म्हणून टाळ्या वाजतात आणि मागच्या खुर्चीवर त्याची बायको डोळे पुसत असते. हे एकदा पाहावं असं मला मनापासून वाटतं.

मग शोधायची कशी

पाट्या नसण्याचं कारण तत्त्वाचं आहे. एए स्वतःची जाहिरात करत नाही, सदस्यांची नावं आणि फोटो छापू देत नाही, स्वतःच्या इमारती बांधत नाही. रुग्णालयात, गावात ते माहितीसभा घेतात, पण ‘अमुक साहेबांची दारू आम्ही सोडवली’ असं कधी सांगणार नाहीत. ज्या गुप्ततेमुळे नवख्याला संरक्षण मिळतं, तिच्यामुळेच गट सापडायला थोडा अवघड जातो.

सगळ्यात सरळ वाट फोनची. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन 14446 आहे. मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस चालू आहे, तिचा क्रमांक 14416. तिथे दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. भारतातल्या एएच्या संकेतस्थळावर शहरानुसार सभा आणि संपर्काची माहिती दिलेली असते. ती मोबाइलवर बघता येत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

फोन करायला जीभ रेटत नसेल तर सिव्हिलची वाट आहे. मानसोपचार ओपीडीतले डॉक्टर किंवा तिथले वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक यांना विचारा. व्यसनाच्या रुग्णांशी त्यांचा रोजचा संबंध येतो, शहरातल्या गटांची माहिती त्यांच्यामार्फत मिळू शकते. सोलापूरचे बरेच जण हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला मुक्तांगणमध्ये उपचाराला जातात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये उभं केलेलं हे केंद्र उपचार संपल्यावर पाठपुराव्याला मोठं महत्त्व देतं. तिथून बरा होऊन आलेला कुणी तुमच्या माहितीत असेल तर त्याला विचारा. त्याला सभेचा वार तोंडपाठ असेल.

कुठूनही पत्ता मिळाला तरी थेट जाऊन उभं राहू नका, आधी संपर्काच्या नंबरवर बोला. शाळेच्या परीक्षा लागल्या की वर्ग मिळत नाही, सणासुदीला वेळ सरकते, जागा बदलते. मोठ्या हिमतीने निघालेला माणूस बंद दारापुढे पोचला तर तो दुसऱ्यांदा निघत नाही. म्हणून फोनवर वार आणि वेळ पक्की करा. सभा खुली आहे की बंद तेही विचारा. खुल्या सभेला घरचे लोकही बसू शकतात, बंद सभा फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी असते. शेवटी एवढं म्हणा: ‘मी पहिल्यांदाच येतोय, गेटवर कुणी भेटेल का?’ भेटतं. बहुधा तुम्ही पोचण्याआधी कुणीतरी येऊन थांबलेलं असतं. अगदीच घराबाहेर पडणं जमत नसेल, तर दोन सदस्य घरी येऊन बोलूनही जातात. दारू सोडायची इच्छा माणसाने स्वतः दाखवलेली असावी, एवढीच त्यांची अपेक्षा.

पाळी संपायला रात्र होते म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कामगाराला संध्याकाळची सभा चुकते. मोबाइलवरच्या ऑनलाइन सभा त्याच्यासाठी उपयोगी आहेत. कोरोनाच्या काळात त्या वाढल्या आणि टिकल्या. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं. पण माझं स्पष्ट मत असं, की ऑनलाइनवर सुरुवात करावी, तिथे थांबू नये. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पडद्यावर मिळत नाही.

आणि कुणी एएच्या नावाने फी, ‘नोंदणी’ किंवा औषधाचे पैसे मागितले, तर तो एएचा माणूस नाही. तिथून परत फिरा.

‘ओळखीचं कुणी भेटलं तर?’

सोलापूर कितीही पसरलं, जुळे सोलापूरपासून बाळ्यापर्यंत गेलं, तरी नवी पेठेत दहा मिनिटं चाललं की तीन ओळखीचे भेटतात. त्यामुळे ही भीती खरी आहे. पण तिथे जो ओळखीचा भेटेल, तो स्वतःही त्याच कारणासाठी आलेला असेल. तुमचं नाव बाहेर काढलं तर त्याचंही निघतं, आणि गटाचा सगळ्यात कडक नियम हाच आहे: इथे कोण दिसलं, काय ऐकलं, ते इथेच राहील. तरी मन धजत नसेल तर आपल्या पेठेतली सभा सोडून दुसऱ्या भागातली धरा, त्याला काहीच हरकत नसते. शिवाय एक कटू गोष्ट लक्षात घ्या. आपण पितो हे लोकांना कळेल ही भीती पिणाऱ्याला वाटते, पण गल्लीला ते कधीच कळलेलं असतं.

‘आमच्याकडे माळ घालतात, मग हे कशाला?’

पंढरपूर आणि अक्कलकोट ज्या जिल्ह्यात आहेत तिथे हा प्रश्न येणारच, आणि तो आदराने घेतला पाहिजे. तुळशीची माळ घालून दारू कायमची सुटलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती का टिकतात ते बघा. माळ घातलेला माणूस भजनाला बसू लागतो, एकादशी धरतो, दिंडीत चालतो. त्याची संध्याकाळ बदलते, सोबत बदलते, आणि पाऊल घसरलं तर विचारणारे चार वारकरी आजूबाजूला असतात. माळ घालून जो पुन्हा जुन्याच कट्ट्यावर बसला त्याची माळ आठवड्यात खुंटीला लागते. सोबत हवी हे वारकऱ्यांना आधीपासून ठाऊक आहे. माळ आणि सभा दोन्ही धरणारे लोक आहेत, त्यांना त्यात विरोध दिसत नाही.

उलट बाजूचीही तक्रार येते: सभेत देवाचं नाव घेतात, मी देव मानत नाही. पायऱ्यांमध्ये ‘आम्हाला उमगेल तसा ईश्वर’ असे शब्द आहेत. कुणी विठ्ठल धरतो, कुणी येशू, कुणी अल्ला, कुणी त्या खोलीत बसलेल्या माणसांनाच आपल्याहून मोठी शक्ती मानतो. सदस्य व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा.

‘याने खरंच सुटते का?’

सगळ्यांची सुटत नाही. कुठल्याच उपायाने सगळ्यांची सुटत नाही. 2020 मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या जागतिक संस्थेचा आढावा आला. त्यात 27 अभ्यास आणि 10,500 हून अधिक लोक होते. माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर सुमारे 42 टक्के लोक पूर्ण दारूमुक्त होते, इतर प्रस्थापित उपचारांत सुमारे 35 टक्के. हे अभ्यास परदेशातले आहेत, तरी फुकट मिळणाऱ्या मदतीच्या बाजूने हा पुरावा भक्कम आहे.

मग जे पुन्हा पितात त्यांचं काय? याला गटात ‘स्लिप’ म्हणतात. सोलापूरच्या माणसाला हे मागावरून चटकन कळेल. चादर विणताना ताण्याचा धागा तुटतो, तेव्हा कारागीर माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुढे विणतो. झालेली चादर उसवून टाकत नाही. पण तुटलेला धागा तसाच ठेवून माग चालू ठेवला तर दोष शेवटपर्यंत उतरत जातो. प्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी सभेला जाणं म्हणजे ती गाठ. शरमेने महिनाभर तोंड लपवणारा माणूसच परत खोल जातो. सभेत त्याला कुणी रागावत नाही, ‘आलात, बरं झालं’ म्हणतात आणि खुर्ची देतात.

मानसोपचाराची औषधं चालू असतील तर ती मात्र कुणाही सदस्याच्या सांगण्यावरून बंद करायची नाहीत. तो अधिकार डॉक्टरचा. आणि एखादा गट मनाला पटला नाही तर दुसरा गाठा. गट माणसांचे बनतात, काही ठिकाणी सूर जुळतो, काही ठिकाणी नाही.

‘तो यायलाच तयार नाही’

मग तुम्ही जा. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने 1951 मध्ये ॲल-अॅनन हा कुटुंबीयांचा वेगळा गट सुरू करण्यात पुढाकार घेतला, कारण पिणाऱ्याच्या घरातली माणसंही हळूहळू आजारी पडतात हे तिने सोसलेलं होतं. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालतो, त्यामागेही हीच समज आहे. मांडीवर सूप घेऊन दिवसभरात हजार विड्या वळणारी बाई संध्याकाळी मजुरी कुठे लपवायची याचाच विचार करत असते. तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की आपलंच काहीतरी चुकतंय. अशा गटात तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगतं: त्याची दारू तुमच्यामुळे लागलेली नाही, ती आवरणं तुमच्या हातात नाही, आणि ती बरी करणंही तुमच्या हातात नाही. हे ऐकून अनेकींच्या छातीवरचा दगड उतरतो.

तिथेच काही कामाच्या गोष्टी कळतात. त्याच्या कारखान्यात ‘ताप आलाय’ असा खोटा फोन करायचा नाही. त्याची उधारी आपण फेडायची नाही. प्यायलेला असताना भांडायचं नाही, सकाळी शुद्धीत असताना दोनच वाक्यं बोलायची. त्याने केलेल्या घाणीवर पांघरूण घालणं थांबलं की त्याला ती दिसायला लागते, आणि सभेची तयारी बऱ्याचदा तिथून सुरू होते. मारहाण होत असेल तर मात्र वाट बघायची नाही. पोलिसांसाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत.

जबरदस्तीने उचलून नेणाऱ्या आणि मारून दारू सोडवणाऱ्या ‘केंद्रां’पासून दूर राहा. दारूमुळे होणारे मानसिक आजार 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात येतात आणि अशा रुग्णालाही सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क आहे. भरती करण्याआधी परवाना, डॉक्टर रोज येतात का आणि घरच्यांना भेटू देतात का, एवढं विचारा. भेटू देत नसतील तर तिथे ठेवू नका.

बायका पीत नाहीत असं समजू नका. पिणाऱ्या बाईला डाग दुप्पट लागतो, म्हणून ती दुप्पट लपते. सभेत तिला तेवढीच जागा आहे. पुरुषांनी भरलेल्या खोलीत बसणं नको वाटत असेल तर फोनवर महिला सदस्याशी बोलायचंय असं सांगावं. महिलांच्या ऑनलाइन सभाही असतात.

भाषेचीही अडचण येते. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या माणसाला किंवा अक्कलकोटकडच्या कानडी माणसाला मनातलं मराठीत काढणं जड जातं. सोलापुरातली माणसं दोन-तीन भाषा बोलतात, त्यामुळे गटात आपल्या भाषेचं कुणीतरी असण्याची शक्यता चांगली असते. नसलंच तर तेलुगू आणि कन्नड ऑनलाइन सभेबद्दल त्याच संपर्काच्या नंबरवर विचारायचं. वार आणि वेळ कागदावर लिहून घ्यायची, तो कागद पाकिटात ठेवायचा आणि त्या दिवशी कामावरून थेट तिकडेच जायचं. घरी जाऊन मग निघतो म्हटलं की वाटेत जुना कट्टा लागतो.